भरला डाव

दुपारी साडेबारा वाजता, काचकारखान्याच्या उपाहारगृहात, आक्काने मला रश्श्याच्या पातेल्यावर आडवा ठेवला आणि जेवणाची रांग थांबवली. पुढे भट्टीवरची माणसे होती, त्यांच्यामागे पॅकिंगच्या बायका होत्या. ताटे हातातल्या हातात राहिली. आक्काने आजवर रांग कधी थांबवली नव्हती. मनगट मुरगळले त्या दिवशीसुद्धा नाही. त्या दिवशी तिने दुसऱ्या हाताने वाढले होते.

रांग का थांबली हे सांगण्याचा पहिला हक्क माझा आहे, कारण जे झाले ते माझ्या अंगावर झाले.

मित्रांनो, मी डाव आहे. पितळेचा, लांब दांड्याचा, दांड्याच्या टोकाला आकडा असलेला, जुना डाव. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की अडगळीची रडगाणी सुरू होतात, असा तुमचा अनुभव असेल. माझे तसे नाही. मला कोणी माळ्यावर टाकलेले नाही आणि मला कोणाची कीवही नको आहे. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. तो मला मान्य नाही. जे माझ्यासमोर घडले तेवढेच सांगेन. जिथे मी नव्हतो तिथले सांगणार नाही.

आधी माझे नाव नीट समजून घ्या. पत्ते खेळणारे जो मांडतात आणि पैलवान जो टाकतात, त्यांचे आणि माझे नाव एक असले तरी नाते काही नाही. काही घरांत मलाच पळी म्हणतात, तेही चूक. पळी माझी धाकटी बहीण. तिला तेलातुपाचे काम. चमचा आमच्यात सर्वांत लहान. त्याच्या नावाची माणसांनी शिवी करून टाकली आणि तो बिचारा आजवर चकार शब्द बोलला नाही. मी असतो तर बोललो असतो.

डाव म्हणजे पातेल्यातून काढून ताटात वाढण्याचे भांडे. हा माझ्या नावाचा पहिला अर्थ, आणि तो कोणत्याही स्वयंपाकघरात सापडेल. माझ्यात जेवढे मावते तेवढ्यालाही डावच म्हणतात. एक डाव रस्सा, दोन डाव भात. हा दुसरा अर्थ. भांड्याचेच नाव मापाला मिळाले की भांड्यावर मोठी जबाबदारी येते. त्याला लहान होता येत नाही.

आमच्या कारखान्यात मात्र माझ्या नावाला तिसराही अर्थ होता. तो तुम्हाला दुसरीकडे सापडणार नाही.

कारखाना नवा होता तेव्हा जेवणाच्या रांगेत रोज भांडणे व्हायची. वाढणारा आपल्या माणसाला जास्त देतो, असा प्रत्येकाला संशय. शेवटी तेव्हाच्या व्यवस्थापकाने एका तांबटाकडून मला घडवून घेतले. पितळेच्या जाड पत्र्यातून त्याने मला गोल कापला, लाकडी ओंडक्यातल्या खळग्यावर ठेवला आणि आतून ठोकत ठोकत खोल केला. दांडा जोडला, आतून कल्हई केली. मग मला कारखान्यात आणले आणि काठोकाठ पाण्याने भरले. तेवढे पाणी ज्यात बरोबर मावेल असा एक जाड काचेचा पेला नळीकाकांनी फुंकला. नळीकाका तेव्हा तरुण होते. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन ती फुंकायची, हे त्यांचे काम. म्हणून हे नाव. पेल्याच्या काठाखाली त्यांनी एक बारीक रेघ ओढली. पाणी त्या रेघेला लागत होते.

नियम सोपा होता. ज्याला शंका असेल त्याने पेला मागायचा. वाढणाऱ्याने सर्वांसमोर डाव पेल्यात ओतायचा. रेघेला लागला तर मुकाट्याने जेवायला बसायचे. नाही लागला तर वाढणाऱ्याने सगळ्या रांगेला पुन्हा वाढायचे.

सुरुवातीला पेला रोज निघायचा. मग अधूनमधून. पुढे कोणी मागेनासे झाले. पेला खिडकीतल्या फळीवर गेला आणि त्यात दातकोरण्या राहू लागल्या. पण तोवर माझे नाव लोकांच्या तोंडी बसले होते. दोघांनी पाळ्यांची अदलाबदल केली की एक विचारायचा, "भरला डाव?" दुसरा म्हणायचा, "भरला डाव." म्हणजे ठरले, यात कमीजास्त होणार नाही. सायकल उसनी देताना, भांडण मिटवताना, लग्न जुळवताना हेच शब्द. कागद लागत नसे. कारखान्याच्या फाटकाबाहेर कोणी हे बोलले असते तर लोकांनी त्याच्याकडे वेड्यासारखे पाहिले असते. आत मात्र तो शब्द मोडणाऱ्याशी कोणी जेवायला बसत नसे.

आता आक्काबद्दल. आक्का आली तेव्हा तिची मुलगी एवढीशी होती आणि नवरा नुकताच गेला होता. तिने मला पहिल्यांदा हातात घेतले, वर-खाली करून वजन पाहिले आणि म्हणाली, "जड आहे. बरं आहे." तिची वाढण्याची पद्धत ठरलेली. मला तळापर्यंत बुडवायचे, एकदा ढवळायचे, वर काढायचे, काठाला टेकवून खालचा ओघळ पातेल्यात परत जाऊ द्यायचा आणि मग ताटात उपडे करायचे. तिच्याहून वयाने मोठे असलेले नळीकाकाही तिला आक्का म्हणत. साहेबाला एक डाव आणि झाडूवाल्याला एक डाव. एकदा एका साहेबाने ताट पुन्हा पुढे केले, तेव्हा तिने त्याला रांगेच्या शेवटी जायला सांगितले होते. तो गेला, हे विशेष.

तळ गोल असल्यामुळे मी टेबलावर कधी स्थिर बसलो नाही. ठेवले की इकडून तिकडे डुलायचो आणि माझा आकडा लाकडावर टकटक वाजायचा. भट्टीवरची माणसे जाता जाता मला मुद्दाम टिचकी मारायची.

"आक्का, तुझा डाव पेंगतोय."

"तुमच्यासारखा खुर्चीत बसून नाही पेंगत," ती मान वर न करता म्हणायची.

आक्काची लेक याच टेबलाखाली बसून अभ्यास करत मोठी झाली. मलाच टिचक्या मारत तिने पाढे पाठ केले. तिला मागणी घालायला जो मुलगा आला तो भाज्यांची गाडी घेऊन यायचा. हसतमुख, गोड बोलणारा, कामाला वाघ. त्याने आक्काला इथेच, या टेबलापाशी विचारले. मी नुकताच धुऊन पालथा घातलेला होतो. तो म्हणाला, "आई, तिला काही कमी पडू देणार नाही. भरला डाव." बाहेरचा माणूस आपला शब्द वापरतो याचे आक्काला केवढे कौतुक वाटले. तिने डोळे पुसले आणि त्याला बसवून जेवायला वाढले. एकच डाव. जावई झाला म्हणून दोन नाही.

काही वर्षांनी जुना ठेकेदार उपाहारगृह सोडून गेला आणि ठेका या जावयालाच मिळाला. आक्काला आभाळ ठेंगणे झाले. लोकांसमोर तो तिला सगळ्यांसारखे आक्का म्हणायचा, मुदपाकखान्याचे दार लागले की आई. ती त्याला दोन्हीकडे जावईबापूच म्हणायची. भट्टीवाले चिडवायचे की आता आक्का साहेबाची सासू झाली, रांगेत चपला काढून उभे राहावे लागणार.

ठेका मिळवण्यासाठी त्याने काय कबूल केले होते, मला माहीत नाही. वस्तू महाग होत होत्या, त्याचा चेहरा उतरत चालला होता, एवढे मी पाहिले. त्याची अडचण खरी असेल. मी ती नाकारत नाही. पण अडचण त्याची होती आणि ठोके मला बसले.

माझी कल्हई उडाली होती, हे खरे आहे. आक्कानेच दोनदा त्याला सांगितले होते. एका सकाळी त्याने मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि कल्हईवाल्याकडे नेले. अंगणात कोळशाची शेगडी होती, कल्हईवाल्याची बायको भाता हलवत होती. कल्हईवाल्याने कागद सोडला, मला उजेडात धरले आणि आत कल्हई करून देतो म्हणाला.

"आणि याचा तळ जरा आत घ्या," जावई म्हणाला.

"आत घेतला तर कमी मावेल."

"काठ हलवू नका. तळच घ्या."

कल्हईवाल्याने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. "वस्तू तुमची," असे म्हणून त्याने मला पालथा घातला.

मी त्याची वस्तू नव्हतो. पण वस्तूला विचारायची पद्धत नाही. तांबटाने मला आतून ठोकून खोल केले होते. इथे बाहेरून ठोके बसत होते. आतून बसणाऱ्या ठोक्याने जागा वाढते, बाहेरून बसणाऱ्याने ती जाते. हा फरक मी दोन्ही बाजूंनी भोगला आहे. नंतर मला तापवले, नवसागर टाकला, कथिल फिरवून कापसाने पुसले. मी असा चकाकलो की आंघोळ घालून तीट लावावी. काठ तोच, दांडा तोच, तळ मात्र वर सरकलेला.

त्या दुपारी सगळ्यांनी माझी तारीफ केली. इतक्या वर्षांच्या खऱ्या कामात कोणी माझ्याकडे वळून पाहिले नव्हते. खोटा होऊन आलो, तर लोक तोंड पाहायला वाकले. याचा राग मला अजून आहे.

आक्काने पहिला डाव भरला आणि तिचा हात मध्येच थांबला. मनगटाला वजन सवयीचे असते. ते कमी आले. तिने मला रिकामा केला, आत पाहिले, अंगठ्याने तळ चाचपला. मग दाराकडे पाहिले. दारात जावई उभा होता. त्याने नजर चुकवली नाही. मान थोडी हलवली, जणू घरातली एखादी गोष्ट घरातच ठेवायची खूण.

तिने एकाऐवजी दीड डाव वाढायला सुरुवात केली. जेवढे माझ्यातून काढून घेतले होते तेवढे ती हाताने भरून देत होती. चार दिवस तसे चालले. पण पातेलेही त्याने त्याच मापाने कमी केले होते. पॅकिंगच्या बायका शेवटी येत, आणि त्यांच्यापर्यंत पातेल्यात खरवड उरे. चौथ्या दिवशी पाच बायका भातावर मीठ घालून जेवल्या. संध्याकाळी जावयाने हळू आवाजात तिला सांगितले की आई, एक म्हणजे एकच.

मग ती एकच वाढू लागली. वाढताना ताटाकडे पाहायची, माणसाकडे नाही.

मित्रांनो, आता आळ कसा आला ते पाहा. काठ तोच, दांडा तोच. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला डाव पूर्वीसारखाच दिसतो, ताट मात्र रिकामे दिसते. मग त्याने दोष कोणाला द्यायचा? हाताला. आक्का हात आखडता घेते, डाव अर्धाच भरते, असे लोक म्हणू लागले. पॅकिंगमध्ये एक खणखणीत आवाजाची बाई होती, तिला सगळे भोंगावहिनी म्हणत. तिने एक दिवस ताट पाहिले आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे म्हणाली, "जावई आला आणि आक्काचा हात गेला."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

मला टिचकी मारणे बंद झाले. 'भरला डाव' हे शब्दही मी त्या दिवसांत ऐकले नाहीत. पाळी बदलणाऱ्या दोघांपैकी एकाने ते बोलायला तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहून गप्प झाला. मी तो माणूस विसरलेलो नाही. माझ्या तिसऱ्या अर्थाचा जीव माझ्या डोळ्यांसमोर जात होता.

एका संध्याकाळी लेक मागच्या दाराने आली. कडेवर मूल होते. आक्का मला घासत होती. लेकीला सगळे माहीत होते, हे तिच्या पहिल्याच वाक्यात कळले. ती म्हणाली की आई, थोडेच दिवस आहेत, हे सावरतील, तू काही बोलू नकोस. आक्काने तिला विचारले की तुला ठीक वाटते का हे. लेकीने मुलाचे नाक पुसले.

"आई, तुझ्या हाताला नाव ठेवलं तर चार दिवस ठेवतील. माझं घर मोडलं तर ते मोडलंच."

आक्काने मला धुऊन खिळ्याला अडकवले. लेक गेल्यावर ती बराच वेळ माझ्यासमोर उभी होती. तिच्या मनात काय होते, मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात नळीकाकांनी ताट खाली ठेवले आणि म्हणाले, "आक्का, पेला काढ."

सगळे दालन वळले. कित्येक वर्षांत हे शब्द कोणी उच्चारले नव्हते. नव्या पोरांना तर पेला म्हणजे काय तेही ठाऊक नव्हते. आक्काने फळीकडे हात केला, एवढ्यात जावई पुढे आला. आता गर्दी आहे, मागे लोक उपाशी उभे आहेत, उद्या निवांत पाहू, असे तो म्हणाला. त्यात खोटे काही नव्हते. नळीकाकांनी ताट उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला फुटलेला होता. फळी झाडताना हात लागला, असे जावयाने दुपारी जेवणाच्या वेळी सांगितले. तुकडे त्याने स्वतः गोळा केले होते.

"जावईबापूंनी झाडू हातात घेतला?" भोंगावहिनी म्हणाली. "आज सुट्टीच द्या आम्हाला."

जावयाच्या हातून एक चूक झाली होती. भाज्यांच्या बाजारात ती कोणी केली असती तर खपून गेली असती. पेला फुटला की संपला, असे त्याने धरले. पण तो काचेच्या कारखान्यात उभा होता. इथे रोज हजारो वस्तू जन्मतात, त्यातल्या फुटलेल्या पुन्हा भट्टीत जातात आणि पुन्हा जन्मतात. नळीकाका जागेवरून उठलेही नाहीत. घास गिळून शांतपणे म्हणाले, "साचा आहे ना. तुकडे तेवढे इकडे द्या, त्याचीच काच घालू."

जावयाचा चेहरा मी पाहिला. साचा नावाची गोष्ट असते हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

काच फुंकायला फार वेळ लागत नाही, पण ती हळूहळू थंड व्हावी लागते. घाई केली की तडकते. त्यामुळे मध्ये एक दिवस गेला. त्या दिवशी संध्याकाळी, मोठी भांडी धुऊन झाल्यावर, जावई मुदपाकखान्यात आला आणि त्याने दार लावले.

तो ओरडला नाही. तो दमलेला होता. त्याने आक्काला विनवले की उद्या लोकांना एवढेच सांगा, जुना डाव झिजला होता, हा नवा आहे, पेला जुन्या डावाचा. त्याने तोंड शिवा असे म्हटले नाही. एक वाक्य मागितले. ठेका गेला तर गाडी जाईल, गाडी गेली तर भाज्यांचा धंदाही जाईल, असे त्याने एकापाठोपाठ एक सांगितले. शेवटी म्हणाला, "आई, तुमच्याच लेकीचा संसार आहे."

आक्का मला पुसत होती. पुसता पुसता तिचा अंगठा माझ्या तळावर गेला आणि तिथेच राहिला.

"जावईबापू, लेक तुमच्या घरात आहे. तिच्यासाठी मी चार घरची भांडी घासीन. पण हा हात माझ्या खांद्याला आहे. तो तुम्हाला नाही देता येणार."

तो दार उघडून गेला. आक्का पातेल्याच्या कडेला बसली. ती रडली का, असे तुम्ही विचाराल. रडली. मी ते लपवणार नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही पाहत नाही.

आता आपण साडेबारापाशी आलो.

रांग थांबली. नळीकाका भट्टीकडून आले. त्यांच्या हातात फडक्यात गुंडाळलेला पेला होता. जुन्यापेक्षा थोडा हिरवट, रेघ त्याच जागी. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि दोन पावले मागे सरकले. आक्काने मला तळापर्यंत बुडवले, एकदा ढवळले, वर काढले, काठाला टेकवले. ओघळ परत गेला. मी काठोकाठ भरलेला होतो, हे रांगेत पुढे असलेल्या प्रत्येकाने पाहिले. मग तिने मला पेल्यात ओतले.

रस्सा रेघेच्या दोन बोटे खाली राहिला.

आवाज झाला तो ताटांचा. कोणीतरी श्वास सोडला. जावई खिडकीपाशी उभा होता. तो म्हणाला की पेला मोठा झाला आहे, तोंडाने फुंकलेल्या वस्तूचा काय भरवसा. नळीकाका काही बोलणार होते, पण आक्काने त्यांना हाताने थांबवले. लोकांच्या डोक्यात ती शंका क्षणभर शिरली, हे मला दिसले. पेला काल जन्मलेला, मी जुना. माझ्या वयाचा आधार घेऊन मलाच खोटा ठरवायचा बेत होता.

आक्काने मला कोरडा पुसला आणि टेबलावर ठेवला. सगळ्यांसमोर, मधोमध. मग माझ्या काठावर टिचकी मारली.

मी डुललो नाही.

तिने पुन्हा मारली. आकडा वाजला नाही. मी बशीसारखा बसून राहिलो. मित्रांनो, ज्याच्या डुलण्यावर त्या लोकांनी निम्मे आयुष्य विनोद केले, तो दगडासारखा बसला होता, आणि आता कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. भट्टीवरचा एक जाडजूड माणूस पुढे आला, त्याने स्वतः एक टिचकी मारली आणि हात मागे घेतला. आक्काने मला पालथा केला. माझ्या पाठीवरचे ठोके उजेडात दिसले.

"माझ्या हातात हा असताना मी तुम्हाला कमी वाढलं," ती म्हणाली. "कोणी ठोकला ते मला माहीत आहे. ते मी बाहेर सांगणार नाही, घरात सांगेन. पण याने मी आता वाढणार नाही."

नाव तिने घेतले नाही. पण सगळे खिडकीकडे पाहत होते.

भोंगावहिनी पॅकिंगच्या रांगेतून पुढे आली. आता हिचा आवाज साऱ्या कारखान्यात जाणार, असे मला वाटले. ती अगदी हळू म्हणाली, "आक्का, मग कशाने वाढतेस?"

आक्काने पेला उचलला, त्यातला रस्सा पहिल्या ताटात ओतला, मग पेला पातेल्यात बुडवला, रेघेपर्यंत भरला आणि तोही रस्सा त्याच ताटात घातला. पहिल्या ताटाला जास्त मिळाले, ही एकच चूक त्या दिवशी झाली. ते ताट नळीकाकांचे होते. त्यांनी ते भोंगावहिनीला दिले आणि स्वतः रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागोमाग भट्टीवाले एकेक करून मागे गेले आणि बायका पुढे आल्या. रस्सा कमी पडणार हे सगळ्यांना दिसत होते. शेवटच्यांना मिळाला नाही. नियमाप्रमाणे रांगेला पुन्हा वाढायचे होते, म्हणून जावयाने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पुन्हा चूल पेटवली. कांदे त्याने स्वतः चिरले. त्याला कोणी सांगितले नव्हते, हेही मी सांगायला हवे. जे झाले ते सगळेच सांगायचे असते.

संध्याकाळी व्यवस्थापकाने त्याला बोलावले. दार बंद होते आणि मी आत नव्हतो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू तुम्हाला विनंती करते की मला जपा, घासा, पुसा, फेकू नका. मी ती विनंती करणार नाही. घासूनपुसून मला किती चकाकवता येते, ते तुम्ही पाहिले, आणि त्यातून काय झाले तेही पाहिले. तुमच्या घरात डाव असेल, वाटी असेल, पेला असेल. त्याच्यात किती मावते ते एकदा पाणी ओतून पाहा आणि लक्षात ठेवा. वस्तूचे नाव तुम्ही रोज घेता. त्या नावात जेवढे मावायला हवे तेवढे मावते की नाही, याची काळजी घ्या. काळजी ती हीच. आणि कोणी वाढताना कमी वाढले, तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी डाव पालथा करून पाहा.

आत्ता मी कल्हईवाल्याच्या अंगणात आहे. आक्काने मला स्वतः आणले. कल्हईवाल्याने तिला पाहिले, मला पाहिले आणि हात पुढे केला. त्याची बायको भाता सोडून आत गेली. त्याने मला लाकडाच्या खळग्यावर ठेवून आतून ठोकायला घेतले. तो हळू ठोकतो आहे. पितळ एकदा इकडे, एकदा तिकडे गेले की थकते, असे तो आक्काला म्हणाला. तळ पातळ झाला आहे, धरेल की चिरेल ते सांगता येत नाही.

लेक आली आहे. मूल कडेवर आहे. ती फाटकातून आत आली, पण आईजवळ आलेली नाही. अंगणाच्या मध्यावर उभी आहे. जावई घरी आहे की नाही, ते तिने सांगितलेले नाही आणि आक्काने विचारलेले नाही. आक्का पायरीवर बसली आहे, मांडीवर हिरवट पेला, रेघेपर्यंत पाण्याने भरलेला.

ठोके थांबले. कल्हईवाल्याने मला दांड्याने उचलून धरले, आक्काच्या हातून पेला घेतला आणि ते पाणी माझ्यात ओतले. पाणी माझ्या काठाला लागले. बरोबर काठाला.

माझ्या तळाला बाहेरून एक थेंब जमला आहे. तो ओतताना ओघळलेला आहे की आतून आलेला, ते कल्हईवाला वाकून पाहतो आहे. लेक दोन पावले पुढे आली आहे. थेंब अजून पडलेला नाही.